'उणीव' की 'अवस्था'? : वार्धक्यातील संप्रेरक-ऱ्हास आणि संप्रेरक प्रतिस्थापन उपचारांचा इतिहास (१८८९ ते २०२५)

सारांश

वाढत्या वयाबरोबर शरीरातील लैंगिक संप्रेरकांचे प्रमाण घटते. ही घट बाहेरून संप्रेरक देऊन भरून काढावी, या विचाराला सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात १८८९ मधील ब्राऊन-सेकार यांच्या आत्मप्रयोगापासून २०२५ मधील अमेरिकी औषध प्रशासनाच्या निर्णयापर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे. या उपचारांबद्दलचे वैद्यकीय मत अनेकदा टोकाकडून टोकाकडे झुकले. त्यामागे पुराव्याइतकाच वार्धक्याकडे पाहण्याच्या दृष्टीचाही वाटा होता, असे या आढाव्यातून दिसून येते.

बीजसंज्ञा : संप्रेरक, रजोनिवृत्ती, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, वैद्यकीयीकरण, यादृच्छिक चाचणी.

प्रस्तावना

स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची निर्मिती रजोनिवृत्तीच्या सुमारास, म्हणजे साधारणतः पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात, झपाट्याने कमी होते. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, रात्री घाम सुटणे, झोपमोड, योनिमार्गाची शुष्कता हे त्याचे तात्कालिक परिणाम होत. हाडे ठिसूळ होणे हा दूरगामी परिणाम होय. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनची घट अशी एकाएकी होत नाही. ती मध्यम वयापासून संथपणे, वर्षाला सुमारे एक टक्का या गतीने होत जाते. ही घट औषधाने भरून काढण्याच्या पद्धतीस 'संप्रेरक प्रतिस्थापन उपचार' किंवा रूढ भाषेत 'हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी' असे म्हणतात.

या नावातच एक गृहीतक दडलेले आहे. 'प्रतिस्थापन' म्हणजे गेलेली वस्तू पुन्हा जागेवर ठेवणे. परंतु जी गोष्ट प्रत्येक स्त्रीच्या आयुष्यात घडते, तिला 'उणीव' म्हणावयाचे की 'अवस्था', हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. उणीव म्हटली की ती भरून काढणे हे वैद्यकाचे कर्तव्य ठरते. अवस्था म्हटली की त्रास होत असेल तेथेच उपचाराचा प्रश्न उद्भवतो. भारतीय परंपरेत हा भेद अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेने क्षुधा, तृषा, निद्रा, जरा व मृत्यू यांची गणना 'स्वभावबलप्रवृत्त' व्याधींमध्ये केली आहे आणि त्यांचेही 'कालज' व 'अकालज' असे दोन प्रकार सांगितले आहेत. रजःप्रवृत्ती बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होऊन पन्नाशीच्या सुमारास क्षीण होते, असेही त्या ग्रंथात नमूद आहे. योग्य काळी आलेली जरा आणि अकाली आलेली जरा यांतील हा भेद प्रस्तुत विषयाच्या शेवटी पुन्हा विचारात घ्यावा लागतो.

वृषणरसापासून 'संप्रेरक' संकल्पनेपर्यंत

१८४९ मध्ये गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या शरीरात वृषणाचे पुन्हा रोपण केले, तेव्हा त्यांचा तुरा, आरव आणि झुंजारपणा टिकून राहिला. वृषणातून काहीतरी रक्तात मिसळते, एवढे त्यावरून सूचित झाले होते. तथापि या विषयाला खरी प्रसिद्धी मिळाली ती चाळीस वर्षांनी. १ जून १८८९ रोजी पॅरिसमधील सोसिएते द बायोलॉजी या संस्थेपुढे शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने एक निवेदन केले. कुत्रे व गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क त्यांनी स्वतःला टोचून घेतला होता आणि त्यामुळे स्नायूंचे बळ व बौद्धिक श्रमाची क्षमता परत आल्याचा त्यांचा दावा होता.

हा दावा आज टिकत नाही. वृषणात टेस्टोस्टेरॉन साठून राहत नाही, तसेच ते पाण्यात फारच अल्प प्रमाणात विरघळते. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ब्राऊन-सेकार यांच्याच कृतीने अर्क तयार करून पाहिला. त्यातील टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण परिणाम घडविण्याइतके नव्हते. जाणवलेला फरक हा अपेक्षेचा, म्हणजे मनाच्या विश्वासाचा परिणाम होता. तरीही या चुकीच्या प्रयोगामागील तर्क निष्फळ ठरला नाही. १८९१ मध्ये न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी अवटु ग्रंथीच्या उणिवेने आजारी असलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क दिला. ती बरी झाली आणि पुढे अनेक वर्षे जगली. १९२२ मध्ये इन्सुलिनने मधुमेही रुग्णांना जीवदान दिले. 'ग्रंथी निकामी झाली, तिचा रस बाहेरून द्या, रोगी बरा होतो' हे सूत्र अशा रीतीने सिद्ध झाले. पुढे वार्धक्यालाही तेच सूत्र लावण्याचा मोह वैद्यकाला आवरला नाही. यातील तफावत मात्र महत्त्वाची होती. अवटु ग्रंथीचा विकार किंवा मधुमेह काहींनाच होतो, वय मात्र सर्वांचेच वाढते.

१९०५ मध्ये लंडनमधील अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 'हॉर्मोन' हा शब्द रूढ केला. चेतविणे, गतिमान करणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो बनविलेला आहे. मराठीतील 'संप्रेरक' हा शब्द त्याच अर्थाशी इमान राखतो. यानंतरच्या दोन दशकांत युरोपात पुनर्यौवनाची लाट उसळली. व्हिएन्नातील ऑयगेन श्टाइनाख यांनी शुक्रवाहिनी बांधल्याने तारुण्य परत येते असा सिद्धान्त मांडला. १९२३ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी, तर १९३४ मध्ये कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. पॅरिसमध्ये सर्ज वोरोनॉफ यांनी १९२० पासून माकडांच्या वृषणाचे काप श्रीमंत वृद्धांच्या शरीरात बसविण्यास प्रारंभ केला. या उपचारांची कीर्ती जितक्या वेगाने पसरली, तितक्याच वेगाने ती विरली. नियंत्रित तुलनेवाचून केवळ रुग्णाच्या अनुभवकथनावर उपचार किती दूर जाऊ शकतो, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

प्रयोगशाळेतून कारखान्याकडे

१९२३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे एडगर ॲलन व एडवर्ड डॉयझी यांनी डुकरिणीच्या बीजांडकोशातील द्रवाचा उंदरांवर होणारा परिणाम मोजण्याची खात्रीची पद्धत शोधली. १९२९ मध्ये डॉयझी यांनी सेंट लुइस येथे आणि आडोल्फ बुटेनांट यांनी जर्मनीत परस्परांपासून स्वतंत्रपणे गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९३१ मध्ये बुटेनांट यांनी सुमारे १५,००० लिटर पुरुषमूत्रातून केवळ १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळविले. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने बैलाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी बुटेनांट आणि लेओपोल्ड रुझिच्का यांनी ते कृत्रिमरीत्या तयार केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

हजारो लिटर द्रवातून चिमूटभर संप्रेरक मिळत असेल, तर उपचार सामान्य माणसापर्यंत पोहोचणे अशक्य होते. हा अडसर दोन मार्गांनी दूर झाला. पहिला मार्ग कृत्रिम रसायनाचा. १९३८ मध्ये लंडनमधील चार्ल्स डॉड्स यांच्या गटाने डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे स्वस्त, तोंडावाटे घेता येणारे इस्ट्रोजेनसदृश द्रव्य तयार केले. १९४१ मध्ये अमेरिकेत रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी त्यास परवानगी मिळाली. पुढे गर्भपात टाळण्यासाठीही ते गर्भवतींना देण्यात आले आणि त्यांच्या मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग आढळल्याचे १९७१ मध्ये उघडकीस आले. दुसरा मार्ग गाभण घोडींच्या मूत्राचा. त्यापासून काढलेले 'प्रेमारिन' हे औषध १९४१ मध्ये कॅनडात व १९४२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. पुढील साठ वर्षे रजोनिवृत्तीवरील उपचार म्हणजे प्रामुख्याने हीच गोळी, असे समीकरण होऊन बसले.

याच काळात बॉस्टनमधील फुलर ऑलब्राइट यांनी रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा संबंध इस्ट्रोजेनच्या घटीशी जोडला. हे निरीक्षण काळाच्या कसोटीस उतरले. प्रारंभीच्या उपचारांचा हेतू मर्यादित होता. ज्या स्त्रीस असह्य त्रास होतो, तिला काही महिने औषध द्यावे आणि त्रास ओसरल्यावर थांबवावे, असा सर्वसाधारण प्रघात होता.

'उणिवेचा रोग' : १९६६

हा मर्यादित हेतू १९६० च्या दशकात बदलला. ब्रुकलिनमधील स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचे 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. रजोनिवृत्ती हा नैसर्गिक टप्पा नसून मधुमेहासारखाच संप्रेरकाच्या उणिवेचा रोग आहे आणि त्यावर आयुष्यभर इस्ट्रोजेन घेणे हाच इलाज आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुस्तकाची भाषा वैद्यकाची कमी आणि भयाची अधिक होती. इस्ट्रोजेनविना स्त्री सौंदर्य, उत्साह, पतीचे प्रेम या सर्वांस मुकते, असे चित्र त्यात रंगविलेले होते. पुस्तकाचा खप प्रचंड झाला. विल्सन यांच्या संस्थेस औषधनिर्मात्यांकडून अर्थसाहाय्य मिळत होते, ही गोष्ट नंतर सर्वश्रुत झाली.

विल्सन यांच्या प्रभावाचे श्रेय केवळ जाहिरातीस देणे एकांगी ठरेल. रजोनिवृत्तीचा त्रास खरा होता आणि तो सांगणाऱ्या स्त्रियांना 'हे मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठविण्याची वैद्यकीय रीतही खरी होती. तो त्रास शरीराचा आहे, हे मान्य करणारा उपचार अनेकींना आधारासारखा वाटला असल्यास नवल नाही. दोष होता तो त्रासावरील उपचाराचे रूपांतर वयावरील उपचारात करण्याचा. तक्रार असो वा नसो, प्रत्येक स्त्री आता रुग्ण ठरू लागली.

हीच अवस्था सर्व समाजांत सारख्या रीतीने अनुभवली जात नाही, याकडे मानववंशशास्त्रज्ञांनी लक्ष वेधले. मार्शा फ्लिंट यांनी राजस्थान व हिमाचल प्रदेशातील ४८३ राजपूत स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित निष्कर्ष १९७५ मध्ये मांडले. रजोनिवृत्तीनंतर या स्त्रियांवरील पडद्याची बंधने सैल होत, पुरुषांच्या बैठकीत बसण्याची मोकळीक मिळे. पाळी थांबण्याखेरीज त्यांनी फारशा तक्रारी नोंदविल्या नाहीत. मार्गारेट लॉक यांनी १९९३ मधील ग्रंथात जपानी स्त्रियांबाबत अशाच स्वरूपाची निरीक्षणे मांडली. पुढील काळातील भारतीय अभ्यासांत गरम वाफा, सांधेदुखी, झोपमोड या तक्रारी आढळल्या. त्यामुळे भारतीय स्त्रीला त्रासच होत नाही, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. मात्र वय म्हणजे ऱ्हासच, हे समीकरण सार्वत्रिक नाही, एवढे या अभ्यासांतून निश्चित होते.

पहिला धक्का आणि पुनरागमन

डिसेंबर १९७५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग होण्याची शक्यता एका अभ्यासात ४.५ पट, तर दुसऱ्यात ७.६ पट आढळली. औषधाच्या वेष्टनात इशारापत्रक सक्तीचे झाले आणि वापर वेगाने घसरला. त्यावर तोडगाही निघाला. इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन दिल्यास अंतःस्तराची अवाजवी वाढ रोखली जाते, हे स्पष्ट झाल्यावर १९८० च्या दशकात ही जोडगोळी रूढ झाली. गर्भाशय असलेल्या स्त्रीस दोन्ही संप्रेरके आणि गर्भाशय काढलेल्या स्त्रीस केवळ इस्ट्रोजेन हा नियम तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

यानंतर उपचाराला नवे प्रयोजन मिळाले, ते हृदयरक्षणाचे. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांना हृदयविकार कमी होतो. त्यामुळे इस्ट्रोजेन हृदयाचे रक्षण करीत असावे, हा तर्क आकर्षक होता. वस्तुतः त्याविरुद्ध एक पुरावा आधीच उपलब्ध होता. 'कॉरोनरी ड्रग प्रोजेक्ट' या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देण्यात आले होते. जास्त मात्रेचा गट १९७० मध्ये व कमी मात्रेचा गट १९७३ मध्ये थांबवावा लागला. पुरुषांवरील निष्कर्ष म्हणून तो बाजूस पडला. १९८५ मध्ये तर एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन परस्परविरोधी निष्कर्ष छापले गेले. फ्रेमिंगहॅम अभ्यासात इस्ट्रोजेनने हृदयविकार वाढल्याचे, तर परिचारिकांच्या 'नर्सेस हेल्थ स्टडी'त तो कमी झाल्याचे दिसले. वैद्यकीय जगताने प्रामुख्याने दुसऱ्या निष्कर्षावर भिस्त ठेवली.

हे दोन्ही निरीक्षणात्मक अभ्यास होते. अशा अभ्यासात औषध कोणी घ्यावयाचे, हे संशोधक ठरवीत नाही. अमेरिकेत संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया सरासरीने अधिक शिकलेल्या, अधिक सधन आणि नियमित तपासणी करून घेणाऱ्या होत्या. त्यांचे हृदय निरोगी राहिले ते गोळीमुळे की जीवनमानामुळे, हे अशा अभ्यासातून उलगडत नाही. निर्णायक उत्तर देणारी यादृच्छिक चाचणी हाती नसतानाच १९९९ पर्यंत अमेरिकेत या औषधांच्या वार्षिक चिठ्ठ्यांची संख्या सुमारे ९ कोटींवर पोहोचली. निरोगी स्त्रियांना वर्षानुवर्षे औषध द्यावयाचे असेल तर आधी पुरावा दाखवा, ही मागणी अमेरिकेतील स्त्री-आरोग्य चळवळीने सातत्याने लावून धरली होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

महाचाचणी आणि तिचे पडसाद

१९९१ मध्ये बर्नाडीन हीली या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. त्यांच्या पुढाकाराने 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा प्रकल्प सुरू झाला. त्यातील संप्रेरक चाचण्यांत ५० ते ७९ वयोगटातील २७,३४७ स्त्रियांचा समावेश होता. गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांना जोडगोळी किंवा निष्क्रिय गोळी आणि गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळावे, हे केवळ यदृच्छेने ठरविण्यात आले.

दरम्यान १९९८ मध्ये 'हर्स' या चाचणीचे निष्कर्ष आले. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांत जोडगोळीने कोणताही लाभ झाला नाही. उलट पहिल्या वर्षी झटक्यांचे प्रमाण वाढले. त्यानंतर जुलै २००२ मध्ये मुख्य चाचणीतील जोडगोळीचा भाग सरासरी ५.२ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. दर १०,००० स्त्रियांमागे दरवर्षी हृदयविकाराच्या ७, पक्षाघाताच्या ८, फुप्फुसातील रक्तगाठीच्या ८ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ८ घटना अधिक घडल्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ६ आणि खुब्याच्या अस्थिभंगाच्या ५ घटना कमी घडल्या. २००३ मध्ये पासष्ट वर्षांवरील गटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दुप्पट आढळले. २००४ मध्ये केवळ इस्ट्रोजेनचा भागही थांबविण्यात आला. त्यात पक्षाघात वाढला होता, परंतु स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता.

या निष्कर्षांच्या मांडणीने मोठी खळबळ माजली. 'स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो' ही बातमी जगभर गेली. तोच आकडा दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८ असा सांगितला असता तर ऐकणाऱ्या स्त्रीला आपल्यापुरता धोका तोलून पाहता आला असता. सापेक्ष आणि निरपेक्ष जोखीम यांतील भेद वृत्तपत्रांत हरवला. अमेरिकेतील चिठ्ठ्यांचे प्रमाण २००३ च्या मध्यापर्यंत वर्षाला सुमारे ५.७ कोटींवर उतरले.

दुसरी उणीव निष्कर्षांच्या विस्तारात होती. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. रजोनिवृत्तीनंतर दशकभराने प्रथमच संप्रेरके घेणाऱ्या स्त्रीचे निष्कर्ष नुकतीच पाळी थांबलेल्या पन्नाशीतील स्त्रीस जसेच्या तसे लागू करण्यात आले. २००७ मध्ये याच माहितीचे वयानुसार पुनर्विश्लेषण झाले. त्यातून रजोनिवृत्तीनंतर लवकर उपचार सुरू करणाऱ्यांत हृदयाचा धोका वाढलेला दिसत नाही, असे सूचित झाले. २०१६ मधील 'एलिट' या ६४३ स्त्रियांच्या चाचणीत रजोनिवृत्तीस सहा वर्षे होण्यापूर्वी इस्ट्रोजेन सुरू करणाऱ्यांत मानेतील रोहिणीच्या भिंतीची जाडी संथ गतीने वाढली. दहा वर्षांनंतर सुरू करणाऱ्यांत हा लाभ आढळला नाही. निरोगी रोहिणीवर आणि आधीच कठीण झालेल्या रोहिणीवर इस्ट्रोजेनचा परिणाम वेगळा होतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. २०१७ मध्ये महाचाचणीतील स्त्रियांचा अठरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. संप्रेरके घेतलेल्या गटातील एकूण मृत्यूंचे प्रमाण २७.१ टक्के आणि निष्क्रिय गोळीच्या गटातील २७.६ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते.

याचा अर्थ धोका काल्पनिक होता, असा नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मधील व्यापक विश्लेषणाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका उपचाराच्या कालावधीबरोबर वाढतो, असे दाखविले. पन्नाशीत रोजची जोडगोळी सुरू करून पाच वर्षे घेणाऱ्या दर ५० स्त्रियांमागे सुमारे एक कर्करोग अधिक संभवतो. केवळ इस्ट्रोजेनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे २०० मध्ये एक, असा त्यातील अंदाज होता. या दुसऱ्या मुद्द्यावर महाचाचणीचा दीर्घ पाठपुरावा मात्र वेगळे सांगतो. त्यात केवळ इस्ट्रोजेन घेतलेल्यांत हा कर्करोग कमी आढळला. हा विरोध अद्याप पूर्णतः सुटलेला नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरील हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांबाबतचा चौकटीतील इशारा काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. सर्व शरीरावर परिणाम करणाऱ्या केवळ-इस्ट्रोजेन औषधांवरील गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा इशारा मात्र कायम ठेवण्यात आला. १९७५ चा तो धडा पन्नास वर्षांनंतरही अबाधित राहिला, ही बाब लक्षणीय आहे.

पुरुषांची कथा

पुरुषांच्या बाबतीत इतिहासाने निराळे वळण घेतले. १९४० च्या दशकात 'पुरुषांची रजोनिवृत्ती' अशी संकल्पना मांडली गेली आणि १९४५ मध्ये पॉल द क्राइफ यांच्या 'द मेल हॉर्मोन' या पुस्तकाने टेस्टोस्टेरॉनचा गौरव केला. तथापि १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगास पुरुषसंप्रेरक पोषक ठरते, असे दाखविले होते. त्या भीतीने हा उपचार दीर्घकाळ मागे राहिला. २००० मध्ये त्वचेवर चोळावयाचे टेस्टोस्टेरॉन जेल अमेरिकेत आल्यानंतर चित्र पालटले. २००१ ते २०११ या दशकात चाळिशीवरील अमेरिकी पुरुषांतील वापर सुमारे तिप्पट झाला. २०१५ मध्ये औषध प्रशासनास स्पष्ट करावे लागले की, केवळ वयामुळे घटलेल्या पातळीसाठी या औषधांची सुरक्षितता व उपयुक्तता सिद्ध झालेली नाही. २०२३ मधील 'ट्रॅव्हर्स' चाचणीत टेस्टोस्टेरॉनची पातळी कमी आणि हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या ५,२०० हून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला. हृदयविकाराच्या प्रमुख घटना दोन्ही गटांत जवळपास सारख्या, म्हणजे ७.० व ७.३ टक्के होत्या. परंतु हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे व फुप्फुसातील रक्तगाठींचे प्रमाण वाढले. हाडे बळकट होतील या अपेक्षेच्या उलट अस्थिभंगही अधिक आढळले. रक्तचाचणीतील आकडा सुधारणे आणि माणसाचे आरोग्य सुधारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

महाराष्ट्राचा संदर्भ : अकाली निवृत्ती

पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ५१ आहे. भारतात ते सुमारे ४६ आढळते. म्हणजे भारतीय स्त्रीच्या आयुष्याचा अधिक काळ इस्ट्रोजेनच्या घटीत जातो. त्यापेक्षाही गंभीर प्रश्न शस्त्रक्रियेने लादलेल्या अकाली निवृत्तीचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत फडावर खाडा पडला की उचलीतून कापला जाणारा दंड, पाण्याची व शौचालयाची गैरसोय, कर्करोगाची दाखविली गेलेली भीती आणि पैशासाठी सुचविल्या गेलेल्या शस्त्रक्रिया अशी अनेक कारणे पुढे आली. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या प्रश्नावर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना मार्गदर्शक सूचनांची अंमलबजावणी करण्याचे निर्देश दिले.

गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले गेल्यास त्या क्षणी रजोनिवृत्ती येते. बीजांडकोश राखले तरी ती काही वर्षे आधी येण्याचा संभव असतो. तिशीतील स्त्रीच्या वाट्याला आलेली ही घट हाडे व हृदय या दोहोंस हानिकारक असते. अशा स्त्रीस नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. 'प्रतिस्थापन' हा शब्द कोठे यथार्थ असेल तर तो येथेच. विसाव्या शतकात जो उपचार सधन देशांतील निरोगी स्त्रियांना गरज नसताना दिला गेला, तो ज्यांना खरोखर आवश्यक आहे अशा श्रमिक स्त्रियांसाठी उपचारापूर्वीच्या समुपदेशनाचा व शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्याचा भाग व्हावयास हवा. टाळता येणारी शस्त्रक्रिया टाळणे ही मात्र त्याच्याही आधीची पायरी होय.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. या उपचारांच्या इतिहासात चूक दोन्ही दिशांनी झाली. १९६६ नंतर त्रास नसलेल्या स्त्रियांनाही औषध दिले गेले. २००२ नंतर असह्य त्रास असलेल्या आणि अकाली निवृत्ती आलेल्या स्त्रियांनाही ते नाकारले गेले. दोन्ही वेळा 'सर्व स्त्रिया' असा एकच गट गृहीत धरण्यात आला.

२. निरीक्षणातून निघालेला तर्क कितीही पटण्याजोगा असला तरी यादृच्छिक चाचणीवाचून त्याच्या आधारे निरोगी व्यक्तीस दीर्घकाळ औषध देणे धोक्याचे ठरते. त्याचबरोबर चाचणीचे निष्कर्षही ज्या वयोगटात मिळाले त्या मर्यादेतच वाचावे लागतात.

३. आजच्या पुराव्यानुसार साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत, त्रासदायक लक्षणे असलेल्या आणि अन्य प्रतिबंधक आजार नसलेल्या स्त्रियांसाठी या उपचारांचे लाभ सामान्यतः धोक्यांहून अधिक आहेत. केवळ हृदयविकार किंवा स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी त्यांचा वापर समर्थनीय ठरत नाही. २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या फेझोलिनेटंटसारख्या संप्रेरकविरहित औषधांमुळे पर्यायही वाढले आहेत.

४. सुश्रुतसंहितेतील कालज व अकालज हा भेद आधुनिक चाचण्यांतून निघालेल्या निष्कर्षांशी एकरूप आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु काळानुसार आलेली अवस्था आणि काळाआधी लादलेली उणीव यांत फरक करण्याची दृष्टी त्यात आहे आणि तीच या सव्वाशे वर्षांत वारंवार हरवलेली दिसते.

वार्धक्य हा रोग नव्हे. परंतु वार्धक्यातील त्रास सोसलाच पाहिजे, असेही नव्हे. या दोन विधानांच्या मध्ये निर्णयाची जी जागा आहे ती औषधाच्या जाहिरातीची नाही आणि भीतीच्या मथळ्याचीही नाही. ती जागा आपल्या शरीराची पूर्ण माहिती मिळालेल्या स्त्रीची व पुरुषाची आहे.